लाकडावरच्या खुणा : रे रोड–दारूखाना वखारपट्ट्याच्या प्रकल्प नोंदी

१८ जानेवारी २०२५, शनिवार

मुंबईतील रे रोड, दारूखाना आणि घोडपदेव या पट्ट्यातील लाकडाच्या वखारी, आरागिरण्या (लाकूड चिरण्याच्या गिरण्या) आणि तिथे राबलेल्या माणसांच्या चाळी यांची नोंद करायची, हे ठरून तीन महिने उलटले. वहीत पहिली ओळ आज पडत आहे. आम्ही तिघे आहोत. एक सहकारी इमारतींची मापे काढणार, दुसरी मुलाखती ध्वनिमुद्रित करणार आणि मी, उभा जन्म नकाशे काढण्याच्या नोकरीत घालवून निवृत्त झालेला, ही वही सांभाळणार.

तारीख आम्ही मुद्दाम साधली नव्हती. परंतु घोडपदेवातील ज्या चाळीच्या गॅलरीत पहिली बैठक झाली, तिथल्या एका मामांनी ती तत्काळ ओळखली. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या कापड गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि तो संप आजतागायत रीतसर मागे घेतला गेलेला नाही. मामा तेव्हा साचाखात्यात, म्हणजे गिरणीच्या विणाईच्या विभागात, होते. संप लांबत गेला, गावाहून येणारा तांदूळही आटला, तेव्हा चुलत्याच्या ओळखीने त्यांनी रे रोडच्या एका वखारीत हमाली धरली आणि हातपाय चालले तोवर तीच केली. असे असूनही चाळीच्या गणेशोत्सव मंडळाच्या जुन्या वहीत त्यांच्या नावापुढे अखेरपर्यंत ‘गिरणी कामगार’ असेच लिहिलेले आढळते, आणि त्यात त्यांनाही काही वावगे वाटत नाही.

आमच्या कामातील मुख्य अडचण या एका नोंदीत आली आहे. मुंबईत गिरणी म्हटली की कापडाचीच गिरणी डोळ्यांसमोर येते. आरागिरणीला धुराडे नसते, भोंगा नसतो आणि तिच्या फाटकातून हजारोंची पाळी सुटत नाही. पत्र्याची एक शेड, चिरणीचा एक पट्टा, दहा-पंधरा माणसे आणि भुशाचा ढीग एवढाच तिचा संसार असतो. वास्तविक १८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिल्या कापड गिरणीची स्थापना केली तेव्हापासून इमारतींच्या तुळया, साच्यांचे लाकडी भाग, खात्यांतील बाकडी आणि माल पाठवण्याची खोकी यांसाठी ही मोठी गिरणी लाकूड चिरणाऱ्यांच्या दारात उभी होती. वारसा म्हणून धुराडी राखण्याची चर्चा होते. भुशाचा ढीग राखता येत नाही, हे मान्य करूनच आम्ही निघालो आहोत.

मुलाखत देणाऱ्या कोणाचेही नाव वहीत लिहायचे नाही, असे ठरले.

२ फेब्रुवारी, रविवार

पहिली पायी फेरी झाली. रे रोड स्थानकापासून दारूखान्याकडे, तिथून लकडी बंदराच्या रस्त्याने खाडीच्या टोकापर्यंत आणि परत मुस्तफा बाजारमार्गे भायखळ्याच्या अंगाला, असा साडेतीन तासांचा फेरा पडला. दारूखान्यात आज जहाजे तोडणारे आणि भंगारवाले अधिक दिसतात. लाकडाच्या वखारी त्यांच्यामध्ये अंग चोरून उभ्या आहेत.

या भागातील नावे कोणी कल्पनेने ठेवलेली नाहीत. जिथे बंदुकीची दारू साठवली जात असे तो दारूखाना, जिथे कोळसा उतरत असे ते कोळसा बंदर आणि जिथे गलबतांतून, पडावांतून लाकूड उतरत असे ते लकडी बंदर. मालाचे नाव जागेला मिळाले. तो माल ज्यांनी खांद्यावरून उतरवला त्यांचे नाव एकाही गल्लीला नाही. स्थानकाचे नाव मात्र १८८५ ते १८९० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांचे आहे.

जमिनीचा व्यवहार समजून घेतल्यावर हे अधिक स्पष्ट झाले. १८७३ साली पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली आणि पुढे भराव घालून मिळवलेली किनाऱ्याची ही जमीन त्याच्याकडे राहिली. ट्रस्टने ती वखारवाल्यांना भाडेपट्ट्याने दिली आणि वखारवाल्याने शेडच्या मागचा एखादा कोपरा आपल्या माणसांना झोपायला दिला. कागदावर पहिला आणि दुसरा पक्ष आहे, कोपऱ्यात झोपणारा तिसरा कोठेच नाही. म्हणजे कागदांच्या वाटेने आपण वखारीच्या मालकापर्यंत पोहोचू, कामगारापर्यंत नाही. एका कार्यालयात जुने नकाशे पाहण्यासाठी केलेला आमचा अर्ज ‘प्रयोजन स्पष्ट नाही’ असा शेरा मारून परत आला आहे. प्रयोजन दोन पाने लिहिले होते. कदाचित तेच जास्त झाले असावे.

९ फेब्रुवारी, रविवार

आज घोडपदेवच्या चाळीची मापे घेतली. तळमजला अधिक तीन मजले, पुढे सलग गॅलरी, सागवानी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्यांची तक्तपोशी आणि तिच्यावर चुन्याचा कोबा. इमारत ‘अ’ वर्गातील उपकरप्राप्त, म्हणजे १ सप्टेंबर १९४० पूर्वी बांधलेली आहे. भाडे १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने गोठलेले असल्यामुळे मालकाने दुरुस्तीकडे पाठ फिरवली आणि जे काही झाले ते दुरुस्ती मंडळाने लोखंडी गर्डर घालून केले.

संध्याकाळी सर्व छायाचित्रे एकत्र पाहिली तेव्हा स्वतःचीच लाज वाटली. नक्षीदार कठड्यांची एकेचाळीस छायाचित्रे आणि मोरीलगतच्या कुजलेल्या खांबाच्या पायाचे एकही नाही. वारशाच्या कामात नजर अशी आपोआप दर्शनी बाजूला जाते. ज्या ठिकाणी इमारत खरोखर मरत आहे ते ठिकाण मोरीचे आहे. पिढ्यान्‌पिढ्या तिथे पाणी सांडले, खांबाचा पाया आलटून-पालटून ओला आणि कोरडा होत राहिला, आणि एरवी तेलकट गाभ्यामुळे वाळवीलाही दाद न देणारा साग तिथे बोटाने खरवडता येईल इतका मऊ झाला. तुळयांची जी टोके भिंतीत गाडलेली आहेत त्यांचीही हीच गत आहे. पुढच्या खेपेला टॉर्च घेऊन प्रथम मोऱ्या पाहायच्या.

आजची खरी मिळकत मात्र दुसरीच आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या जिन्यालगत रंगाचे जुने थर उकललेले होते आणि तिथे खांबाच्या माथ्यावर, तुळई जिथे बसते त्याच्या अगदी खाली, छिन्नीने मारलेल्या तीन आडव्या रेषा दिसल्या. सहकाऱ्याने शिडीवर चढून तुळईचे टोक पुसले, तर तिथेही तशाच तीन रेषा. पुढच्या खांबावर आणि त्याच्या तुळईवर चार-चार निघाल्या. म्हणजे हा सांगाडा जागेवर घडवलेला नाही. सुतारांनी तो वखारीत जमिनीवर आडवा मांडून जुळवला, प्रत्येक सांध्याला जोडीची खूण केली, मग सुटा करून बैलगाडीने किंवा हातगाडीने इथे आणला आणि खुणा पाहून उभा केला. कूस, म्हणजे भोकात बसणारे खांबाचे टोक, तीन रेषांचे, भोकही तीन रेषांचे. लिहिता-वाचता येण्याची गरज नाही, चूक होण्याची सोय नाही. त्यांच्या कामाचा हा पहिला दस्तऐवज आमच्या हाती लागला आणि तो त्यांनीच लिहिलेला आहे.

चाळीतले लोक अजूनही ‘दोन खणी जागा’ म्हणतात. दोन तुळयांमधले अंतर म्हणजे एक खण, आणि ते किती ठेवायचे हे मिळणाऱ्या लाकडावर ठरते. भाडेकरूला किती जागा मिळावी याचा निर्णय अशा रीतीने काही अंशी वखारीत झालेला असतो.

२३ फेब्रुवारी, रविवार

एक दुरुस्ती नोंदवायची आहे. मापांच्या सर्व तक्त्यांत आम्ही डोळे मिटून ‘बर्मा साग’ असे लिहून टाकले होते. चाळीशी घातलेले एक वयस्क सुतार मिस्त्री आज सोबत आले, त्यांनी बदलून बाजूला टाकलेल्या कडीच्या तुकड्याला वाकसाचा एक हलका घाव घातला, ढलपी नाकाशी धरली आणि म्हणाले, ‘साहेब, हा साग नाही, ऐन आहे. सागाला चामड्यासारखा वास येतो.’ खांब आणि तुळया बर्मा सागाच्याच असल्याचे त्यांनी सरळ रेषेवरून सांगितले. तक्तपोशीच्या फळ्या ‘जंगली’, म्हणजे बाजाराच्या भाषेत साग सोडून इतर काहीही. एक खांब नंतरच्या दुरुस्तीत बसवलेला निघाला. त्याला त्यांनी ‘सीपी’ म्हटले. हा चंद्रपूर-बल्लारशाकडचा साग, रंगाने गडद आणि नक्षीदार रेषांचा. सीपी म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस. तो प्रांत १९५० साली नकाशावरून गेला, परंतु लाकूडबाजारात अजून नांदत आहे.

बर्मा साग मुंबईत इतका कसा आला, याचे टिपण करणे प्राप्त आहे, कारण ती गोष्ट थेट आमच्या चाळीपर्यंत येऊन पोहोचते. गोदीतील जहाजबांधणीसाठी मलबारचा साग आधीपासून येत होता. वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली १८१७ साली मुंबईत त्याच सागाची बांधलेली ‘ट्रिन्कोमाली’ ही युद्धनौका इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगत आहे. १८४० नंतर इंग्रजांनी डांगच्या भिल्ल राजांकडून तिथली जंगले पट्ट्याने घेतली. परंतु शहर वाढू लागले तशी ही जंगले अपुरी पडली आणि नजर ब्रह्मदेशाकडे वळली. १८६३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनने तिथे सागतोडीचे ठेके घेतले. ओला साग पाण्यात बुडतो, म्हणून झाडाच्या बुंध्याभोवतीची साल आणि रसाचा थर गोलाकार कापून ते दोन-तीन वर्षे उभेच वाळवायचे, मग तोडायचे, हत्तींकरवी ओढ्यापर्यंत आणायचे आणि पावसाळी पुराच्या पाण्यावरून इरावतीत सोडून तराफ्यांनी रंगूनला न्यायचे, अशी ती पद्धत होती. १८८५ साली, कंपनीने ठरल्यापेक्षा जास्त ओंडके काढून कमी भरणा केला, असा ठपका ठेवून थिबा राजाच्या दरबाराने तिला जबर दंड केला. त्या निमित्ताने इंग्रजांनी युद्ध पुकारले, नोव्हेंबरमध्ये मंडाले घेतले आणि राजाला कैद करून पुढील वर्षी रत्नागिरीत आणून ठेवले. तो तिथेच १९१६ साली वारला.

आमच्या चाळीतील बहुतेक घरे रत्नागिरी जिल्ह्यातलीच. मामांच्या आजोबांनी थिबाचा राजवाडा बाहेरून पाहिलेला होता, असे घरात सांगितले जाई. ज्या सागासाठी त्याचे राज्य गेले, त्या जातीच्या सागाच्या खांबांखाली रत्नागिरीचे लोक येऊन राहिले, ही सांगड आज बैठकीत प्रथमच कोणाच्या तरी लक्षात आली. मामा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘तरी म्हटलं खांब एवढा गार का लागतो!’ आणि सगळे हसले.

८ मार्च, शनिवार

आजचा पूर्ण दिवस मोजमापात गेला आणि तो मला वैयक्तिक आनंदाचा होता. आता काम न करणाऱ्या एका वखारीच्या मुनीमकाकांनी गोल लाकूड मोजायची रीत करून दाखवली. ओंडक्याच्या मध्यावर दोरी गुंडाळून घेर घ्यायचा. दोरीची घडी करून चार पदर करायचे. एका पदराची लांबी इंचांत मोजून तिचा वर्ग करायचा, त्याला ओंडक्याच्या फुटांतील लांबीने गुणायचे आणि १४४ ने भागायचे; उत्तर घनफुटांत, बाजाराच्या बोलीत ‘सीएफटी’त येते.

समोरचा ओंडका १२ फूट लांब आणि ६० इंच घेराचा होता. पाव घेर १५ इंच, त्याचा वर्ग २२५, त्याला १२ ने गुणून १४४ ने भागले की १८.७५ घनफूट. मी शाळेत शिकलेल्या वर्तुळाच्या सूत्राने त्याच ओंडक्याचे घनफळ काढले, तर ते २३.८७ घनफूट भरले. म्हणजे पाच घनफूट लाकूड हिशेबातून गायब. काकांना हा फरक सांगताच ते शांतपणे म्हणाले की ते पाच घनफूट साल, पाठ (ओंडक्याची बाहेरची गोलसर फळी) आणि भुसा यांत जायचेच आहेत. गिऱ्हाईक फळीचे पैसे देतो, भुशाचे नाही. ही रीत १७३६ साली इंग्लंडमध्ये कोष्टके छापणाऱ्या एडवर्ड हॉपस याच्या नावाने जगभर ओळखली जाते. काकांनी ते नाव कधी ऐकलेले नव्हते; त्यांनी ती दोरीसकट वडिलांकडून घेतली होती.

येथे मला एक शंका आली आणि ती टाळणे योग्य होणार नाही. व्यापाऱ्याच्या हिशेबातून ते पाच घनफूट वजा झाले, तरी हमालाच्या खांद्यावरून ते वजा होत नाहीत. वाळलेल्या सागाचे वजन घनमीटरला साधारण ६५० किलो धरले तर हा ओंडका सुमारे ४४० किलोंचा होतो, १८.७५ घनफुटांच्या हिशेबाने तो ३४५ किलोंचाच दिसेल. मजुरी जर घनफुटावर असेल, तर जवळजवळ शंभर किलो फुकट उचलले जात होते. मामांना विचारले. सहा माणसे, क्वचित आठ, आणि मजुरी सीएफटीवरच, असे त्यांनी सांगितले. ‘हिशेब मुनीम करायचा. आम्हाला खांदा सांगायचा किती आहे ते.’ त्याच्या आधीच, १९६९ साली, माथाडी कायदा आला होता आणि हमालांची नोंदणी, मजुरी, भविष्यनिर्वाह यांना काही आकार मिळाला होता; परंतु छोट्या वखारींतील पुष्कळ माणसे नोंदणीबाहेरच राहिली, आणि मामा त्यांपैकी एक.

दोरी काकांनी प्रकल्पाला देऊ केली. ती तीन ठिकाणी गाठ मारलेली आहे. गाठींचा अर्थ विचारला, तर तुटली होती म्हणून मारल्या, असे उत्तर मिळाले. प्रत्येक गाठीत अर्थ शोधण्याची माझी सवय यापुढे जरा आवरली पाहिजे.

१६ मार्च, रविवार

चालू आरागिरणीतील मुलाखत पूर्णपणे वाया गेली. ध्वनिमुद्रणात दीड तास फक्त पट्ट्याचा आवाज आहे. चूक आमचीच, जेवणाच्या सुट्टीत बोलायला हवे होते. जे आठवते ते लिहून ठेवतो.

पट्टा म्हणजे दोन मोठ्या चाकांवरून फिरणारी पोलादाची दातेरी सलग पट्टी. तिचे दाते आलटून-पालटून डावी-उजवीकडे किंचित कलवलेले असतात, त्यामुळे चीर पट्टीच्या जाडीपेक्षा रुंद पडते आणि पट्टी लाकडात अडकत नाही. दात्यांना धार लावणारा मिस्त्री हा गिरणीतला सर्वांत मानाचा माणूस. पट्टी तुटली की सांधायची कामगिरीही त्याचीच. ओंडका पुढे सरकवणारा आणि निघालेली फळी पलीकडून झेलणारा या दोघांत शब्द नाहीत, हनुवटीची हालचाल आहे. गाठ आली की आवाज जाड होतो आणि पुढचा माणूस आपोआप हात आवरता घेतो. फळी झेलणाऱ्या काकांच्या डाव्या हाताला दोन बोटे कमी आहेत. आम्ही विचारले नाही. त्यांनीच हात वर करून ‘ही पावती’ असे हसत सांगितले.

ओंडके फार थोडे दिसले. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात दिलेल्या आदेशानंतर जंगलतोडीवर आणि आरागिरण्यांवर कडक बंधने आली, परदेशी लाकूड कांडला बंदरात उतरू लागले आणि गांधीधाम हेच गिरण्यांचे मोठे केंद्र झाले. १ एप्रिल २०१४ पासून म्यानमारने ओंडक्यांची निर्यातच बंद केली. मग इथला पट्टा कशावर चालतो? पाडलेल्या चाळींच्या लाकडावर. पुनर्विकासात चाळ उतरवली की खांब, तुळया, दारे टेम्पोने थेट इथे येतात, खिळे काढले जातात, आत राहून गेलेले लोखंड चुंबक फिरवून शोधले जाते, आणि जुन्या वाळलेल्या सागाच्या फळ्या पाडून त्या नव्या सदनिकांच्या फर्निचरसाठी जातात. खिळा राहिला तर पट्टीचे दाते जातात, क्वचित डोळाही.

आज शेडमध्ये असे तीस-चाळीस खांब आडवे पडले होते. त्यांच्या माथ्यांकडे पाहायचे भान मला घरी आल्यावर झाले.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

चाळीत गुढ्या उभारल्या होत्या. कामाचा दिवस धरला नव्हता, तरी तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी बोलावले म्हणून गेलो आणि श्रीखंडाच्या वाटीबरोबर प्रकल्पातील सर्वांत चांगली मुलाखत मिळाली. वखारीच्या कामात बायका नव्हत्या, असे आम्ही दोन महिने गृहीत धरून चाललो होतो. आजी म्हणाल्या, ‘वखारीत नव्हत्या. वखारीच्या मागं होत्या.’ पहाटे गिरणी सुरू होण्याआधी भुशाची आणि ढलप्यांची पोती भरायची, डोक्यावरून आणायची, थोडा भुसा घरी ठेवायचा, उरलेला विकायचा. बर्फाच्या लाद्या वितळू नयेत म्हणून बर्फवाले घेत, दिवाळीत रांगोळीसाठी रंगवून विकणारे घेत, आणि एरवी शेगडीला लागे.

भुशाची शेगडी त्यांनी हातांनी हवेत भरून दाखवली. पत्र्याच्या डब्याला खाली एका बाजूला भोक पाडायचे. त्या भोकातून एक लाकडी दांडा आडवा आत घालायचा, दुसरा मधोमध उभा धरायचा आणि भोवती भुसा मुठीने दाबत दाबत काठोकाठ भरायचा. मग उभा दांडा फिरवत वर काढायचा आणि आडवा बाहेर ओढायचा; आत नळीसारखी वाट राहते. खालून कागद पेटवून सरकवला की ती वाट आतून लाल होते आणि एका भरणीत डाळ, भात आणि चार माणसांच्या अंघोळीचे पाणी होते. दाबण्यात कसर राहिली तर भुसा कोसळतो आणि खोलीभर धूर. जास्त दाबला तर आग धरतच नाही. सागाचा भुसा उत्तम, आंब्याचा ओलसर, ऐनाचा डोळ्यांना झोंबतो. लाकडाची जात ओळखायला मिस्त्रींना ढलपी लागते, आजींना धूर पुरत असे.

करून दाखवाल का, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या की डबा आहे, दांडे आहेत, भुसा तेवढा आणा. आजकालचा प्लायवुडचा नको. त्यात डिंक असतो.

१४ एप्रिल, सोमवार

सकाळी चाळीच्या चौकात बाबासाहेबांच्या जयंतीचा कार्यक्रम होता. दुपारनंतर थोडे काम झाले.

१४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला. दारूगोळा, कापसाच्या गासड्या, तेलाची पिंपे आणि लाकूड असे सर्व काही त्याच्या पोटात एकत्र होते. पहिला स्फोट चार वाजून गेल्यावर, दुसरा अर्ध्या तासाने. जळत्या गासड्या आणि तुकडे शहरावर पडले. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात गेले, आणि देशभर अग्निशमन सप्ताह याच तारखेपासून पाळला जातो. मुनीमकाकांच्या वडिलांनी सांगितलेली एक आठवण आज नोंदवली : त्या रात्री वखारीतील माणसे कोणी न सांगता ओंडक्यांच्या थप्प्या हातांनी मोडून मधे वाटा करीत होती, की एक पेटली तरी दुसरीला झळ लागू नये. पहाटेपर्यंत ते चालले. मजुरी मिळाली का, हे काकांच्या वडिलांनी सांगितले नव्हते आणि मीही विचारण्याचा आग्रह धरला नाही.

२७ एप्रिल, रविवार

आरागिरणीत पुन्हा गेलो, या वेळी जेवणाच्या सुट्टीत. ध्वनिमुद्रण उत्तम झाले. खांबांची थप्पी निम्मी उरली होती. मालकांच्या परवानगीने आम्ही तिघांनी उरलेल्या प्रत्येक खांबाचा माथा ओल्या फडक्याने पुसला. बहुतेकांची कुसे उतरवतानाच तुटली होती. पाच खांबांवर खुणा निघाल्या : दोहोंवर दोन रेषा, एकावर तीन, एकावर फुली, आणि एकावर चार रेषा व खाली एक लहान खाच. घोडपदेवच्या चाळीतील खुणांशी ताडून पाहिल्या. छिन्नीची रुंदी वेगळी आहे, म्हणजे हात वेगळा.

चार रेषांचा खांब दुपारच्या पहिल्या चिरणीसाठी काढलेला होता. तो ठेवून द्या, असे म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही. ते लाकूड विकत आणलेले आहे आणि त्यावर दहा घरांची चूल चालते. सहकाऱ्याने तरीही विकत घेण्याचा भाव विचारला. तो आमच्या वर्षभराच्या खर्चाइतका होता. तेव्हा पट्ट्यावरचे मिस्त्री म्हणाले की माथ्याचे टोक तसेही फुकट जाते, भोकांमुळे त्यातून फळी निघत नाही. त्यांनी खांब आडवा लावला, खडूने एक रेघ मारली आणि खुणेच्या खाली चार बोटांवर तो कापून टोक आमच्या हातात दिले. कापलेली बाजू अजून गरम होती. शंभर वर्षांचा खांब, आणि आतून नव्या मधासारखा रंग. वासाबद्दल मिस्त्रींना विचारावे लागले नाही.

उरलेला खांब पुढे गेला आणि त्याच्या फळ्या पडल्या.

४ मे, रविवार

नोंदपुस्तकाच्या वस्तूंच्या भागात पहिल्या दोन नोंदी केल्या. वस्तू क्रमांक १ : सुती दोरी, गोल लाकूड मोजण्याची, तीन गाठी, मुनीमांकडून भेट. वस्तू क्रमांक २ : सागवानी खांबाचा माथा, कुसासह, लांबी ९ इंच, एका अंगावर छिन्नीच्या चार आडव्या रेषा व खाली एक खाच, आरागिरणीतून, पट्ट्यावरच्या मिस्त्रींकडून. ‘कर्ता’ या रकान्यात सहकारी रेघ मारणार होता. तिथे आम्ही त्या चार रेषा आणि खाच जशाच्या तशा काढल्या.

शब्दांच्या यादीत आज भर घातली : पाठ, कूस, खण, जंगली, सीपी, पट्टा. मामांनी यादी ऐकून ‘खांदा’ हा शब्द राहिल्याचे लक्षात आणून दिले; एक खांदा म्हणजे ओंडक्याखालचा एक माणूस. ‘सहा खांद्यांचा ओंडका’ असे म्हणत. घातला.

त्या खांबाच्या चिरणीचा भुसा मिस्त्रींनी पाव पोते भरून वेगळा ठेवला होता, तो काल आणला. आजींनी मुठीत धरून पाहिला, नाकाशी नेला आणि अजून दोन दिवस उन्हात घाला, असे सांगितले. शेगडी पुढच्या रविवारी पेटवायची आहे. डब्याचे भोक गंजून मोठे झाले आहे, त्यावर पत्र्याची पट्टी मारून नेण्याचे काम माझ्याकडे आहे.